देणगी आणि बिदागी : कॅटरिना वादळानंतरच्या न्यू ऑर्लिन्समधील मदत-मैफलींची एक समीक्षा

प्रास्ताविक

नैसर्गिक आपत्तीनंतर कलावंतांनी मंचावर यावे, रसिकांनी तिकिटे घ्यावीत आणि जमलेला निधी आपद्ग्रस्तांना द्यावा, ही पद्धत आता जगभर रूढ झाली आहे. या पद्धतीत कलावंत हा सामान्यतः दाता असतो. आपत्तीचा घाव ज्यांच्यावर पडला आहे ते स्वतःच वादक असतील, मात्र या मैफलीचे स्वरूप बदलते. तेथे कलावंत एकाच वेळी दाता आणि याचक ठरतो. त्याचे वादन हे त्याचे कौशल्य न राहता त्याच्या दुःखाचा पुरावा बनण्याचा धोका असतो. २९ ऑगस्ट २००५ रोजी अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात आलेल्या कॅटरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्स शहरातील पारंपरिक जॅझ व ब्रास बँड वादकांसाठी जे कार्यक्रम झाले, त्यांत हा पेच विशेष स्पष्टपणे दिसतो.

मराठीत कलावंताला मिळणाऱ्या पैशासाठी दोन भिन्न शब्द आहेत. ‘देणगी’ ही देणाऱ्याच्या औदार्यावर अवलंबून असते. ‘बिदागी’ ही घेणाऱ्याच्या कलेचे मोल असते. देणगी एकदा मिळते. बिदागीत पुन्हा बोलावणे येण्याची शक्यता गृहीत असते. प्रस्तुत लेखात हा भेद निकष म्हणून स्वीकारून न्यू ऑर्लिन्समधील मदत-मैफलींचे मूल्यमापन केले आहे. या मैफलींनी वादकांना जगवले, हे निर्विवाद आहे. त्यांनी वादनाचा व्यवसाय जगवला का, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

परंपरेतच असलेली परस्परसाहाय्याची व्यवस्था

न्यू ऑर्लिन्सच्या संगीताचे मूळ शहराच्या रस्त्यांत आहे. गुलामगिरीच्या काळात रविवारी काँगो स्क्वेअर या मैदानात आफ्रिकी वंशाचे लोक वादन-नर्तनासाठी एकत्र येत. गुलामगिरी संपल्यानंतर कृष्णवर्णीय समाजाला विमा, औषधोपचार आणि सन्मानाने अंत्यसंस्कार यांची सोय बाहेरच्या संस्थांकडून मिळत नव्हती. त्यामुळे एकोणिसाव्या शतकात परस्परसाहाय्य मंडळे उभी राहिली. सभासदांनी ठरावीक वर्गणी द्यायची. आजारपणात मंडळाने मदत करायची. सभासद निवर्तल्यास त्याच्या अंत्ययात्रेला ब्रास बँड लावायचा, अशी ही रचना होती. आजची ‘सोशल एड अँड प्लेझर क्लब’ ही मंडळे याच परंपरेतील आहेत. ‘साहाय्य’ आणि ‘आनंद’ हे दोन्ही शब्द त्यांच्या नावातच शेजारी बसले आहेत.

या मंडळांच्या वार्षिक मिरवणुकीत सभासद आणि बँड यांची पहिली रांग असते. त्यांच्यामागून नाचत, टाळ्या वाजवत, कधी बाटली वा घंटा वाजवत चालणाऱ्या लोकांची ती ‘सेकंड लाइन’, अर्थात दुसरी रांग. पुढे संपूर्ण मिरवणुकीलाच हे नाव पडले. येथे श्रोता बसून ऐकत नाही, तो चालतो. त्याच्या पावलांशिवाय ताल पूर्ण होत नाही. अंत्ययात्रेतही दफनभूमीकडे जाताना संथ भजने आणि मृताचा निरोप घेतल्यानंतर उडत्या चालीचे वादन, असा क्रम असतो. शोकातून आनंदाकडे जाण्याचा हा प्रवास निरोपाचा विधी खरोखर पार पडल्यानंतरच सुरू होतो, ही बाब पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे.

तात्पर्य, मदत आणि संगीत यांचे नाते या शहराला नवे नव्हते. मंडळाची वर्गणी हाच बँडच्या बिदागीचा एक स्रोत होता. १९६१ मध्ये फ्रेंच क्वार्टर भागात अ‍ॅलन व सँड्रा जाफी या दांपत्याने चालवायला घेतलेल्या ‘प्रिझर्वेशन हॉल’चे तत्त्वही याहून फारसे वेगळे नव्हते. पारंपरिक शैलीतील वृद्ध वादक त्या काळी बहुतांशी बेकार होते. त्यांना एखादी थैली अर्पण करण्याऐवजी रोज संध्याकाळी वाजवण्याची जागा देण्यात आली. वर्णभेदाचे कायदे लागू असतानाही तेथे कृष्णवर्णीय आणि गौरवर्णीय एकत्र बसत. साध्या बाकांच्या त्या छोट्या खोलीने वादकांना दया न दाखवता काम दिले, आणि त्यामुळेच ती टिकली.

आपत्ती किती नैसर्गिक?

कॅटरिनाला रूढ अर्थाने नैसर्गिक आपत्ती म्हटले जाते. तथापि शहर बुडाले ते मुख्यतः पूरसंरक्षक भिंती आणि तटबंध कोसळल्याने. पन्नासांहून अधिक ठिकाणी ही व्यवस्था फुटली आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. या व्यवस्थेच्या रचनेत दोष होते, हे ती उभारणाऱ्या लष्करी अभियंता दलाने जून २००६ मधील आपल्या अहवालाच्या वेळी मान्य केले. मृतांचा आकडा दीर्घकाळ १,८००च्या वर सांगितला जात असे. २०२३ मध्ये राष्ट्रीय चक्रीवादळ केंद्राने तो सुधारून १,३९२ केला. २००० च्या जनगणनेत ४,८४,६७४ असलेली शहराची लोकसंख्या २०१० मध्ये ३,४३,८२९ वर आली. जे परतू शकले नाहीत त्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण मोठे होते, आणि ब्रास बँडचे वादक व दुसऱ्या रांगेतील नर्तक प्रामुख्याने त्याच समाजातील होते.

वादकांची हानी केवळ घरांपुरती नव्हती. वाद्ये, जुन्या ध्वनिमुद्रिका, हस्तलिखित स्वरलेखने, छायाचित्रे असा परंपरेचा ऐवजही बुडाला. क्लॅरिनेटवादक आणि प्राध्यापक डॉ. मायकेल व्हाइट यांच्या घरातील जुन्या क्लॅरिनेटसह अनेक दशकांचा संग्रह असाच नष्ट झाला. त्याहून खोल हानी नात्यांची होती. ह्यूस्टन, अटलांटा अशा शहरांत विखुरलेल्या वादकांना नव्या जागी आसरा मिळाला. पण तेथे त्यांच्यामागून चालणारी वस्ती नव्हती. बँडचे सभासद वेगवेगळ्या शहरांत राहू लागले आणि केवळ वादनासाठी तासन्‌तास प्रवास करून न्यू ऑर्लिन्सला येऊ लागले.

मोठ्या मंचावरील मैफली : सामर्थ्य आणि मर्यादा

वादळानंतर अवघ्या काही दिवसांत मोठ्या मैफलींना प्रारंभ झाला. २ सप्टेंबर २००५ रोजी दूरचित्रवाणीवरून मदत-कार्यक्रम प्रसारित झाला. १७ सप्टेंबरला न्यूयॉर्कमधील ‘जॅझ अ‍ॅट लिंकन सेंटर’ येथे मूळचे न्यू ऑर्लिन्सचे ट्रंपेटवादक विंटन मार्सालिस यांच्या पुढाकाराने ‘हायर ग्राउंड’ ही मैफल झाली. २० सप्टेंबरला मॅडिसन स्क्वेअर गार्डन आणि रेडिओ सिटी म्युझिक हॉल या दोन सभागृहांत ‘फ्रॉम द बिग अ‍ॅपल टू द बिग ईझी’ हा कार्यक्रम झाला. त्याच वर्षी नॉनसच या ध्वनिमुद्रण संस्थेने न्यू ऑर्लिन्सच्या कलावंतांचा ‘अवर न्यू ऑर्लिन्स’ हा संग्रह मदतीसाठी प्रसिद्ध केला.

या उपक्रमांचे श्रेय नाकारणे अन्यायाचे होईल. वादकांच्या गरजा तातडीच्या होत्या. घरभाडे, औषधे, हरवलेली वाद्ये यांसाठी शासकीय मदतीची वाट पाहणे शक्य नव्हते. प्रिझर्वेशन हॉलशी संबंधित मंडळींनी आणि इतरांनी उभारलेले निधी, १९९८ पासून वादकांना वैद्यकीय सेवा देणारे ‘न्यू ऑर्लिन्स म्युझिशियन्स क्लिनिक’, वाद्ये मिळवून देणारे ‘टिपिटिनाज फाउंडेशन’ यांसारख्या संस्थांच्या कार्याला जनतेच्या सहानुभूतीने बळ मिळाले. ही सहानुभूती जागृत करण्यात मैफलींचा वाटा मोठा होता.

तरीही कलारूप म्हणून पाहता या मैफलींत काही अंतर्विरोध दिसतात. पहिला अंतर्विरोध अवकाशाचा आहे. रस्त्यावर चालणाऱ्यांसाठी घडलेले संगीत खुर्चीत बसलेल्यांपुढे ठेवले की त्याचा अर्धा ताल गळून पडतो. ट्युबा आणि मोठा ढोल यांची लय वादकांकडून निघते. तिला मिळणारा प्रतिसाद दुसऱ्या रांगेच्या पावलांतून येतो. सभागृहात तो प्रतिसाद टाळ्यांपुरता उरतो. रसिकाला संगीत ऐकू येते, परंतु ते ज्या वस्तीमुळे संभवते ती वस्ती दिसत नाही. साहजिकच त्याला वाटते की वादक वाचला म्हणजे संगीत वाचले.

दुसरा अंतर्विरोध काळाचा आहे. या काळातील कार्यक्रम आणि प्रसारमाध्यमे यांच्या भाषेत ‘पुनर्जन्म’ हा शब्द वारंवार आला. जॅझ अंत्ययात्रेचा शोकातून आनंदाकडे जाणारा क्रम शहराच्या कथेला सहज लावण्यात आला. मात्र परंपरेत आनंदाचे वादन निरोपानंतर येते. येथे मृतांची ओळख पटवणेही पूर्ण झाले नव्हते आणि लाखो माणसे परगावी होती. निरोप झाला नसतानाच उत्सवाची चाल सुरू झाली. रूप परंपरेचे होते; परंतु त्या रूपाला अर्थ देणारी अट पाळली गेली नव्हती. दोन तासांच्या कार्यक्रमाने श्रोत्याला जे समाधान दिले, ते वादकाला मिळण्यास पुढे अनेक वर्षे जावी लागली.

या पार्श्वभूमीवर एप्रिल-मे २००६ मधील न्यू ऑर्लिन्स जॅझ अँड हेरिटेज महोत्सव वेगळा ठरतो. तो शहरातच झाला आणि स्थानिक वादकांना तेथे मोठ्या संख्येने काम मिळाले. ३० एप्रिल रोजी ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी आपल्या लोकगीतांच्या वाद्यवृंदासह गायन केले. ब्लाइंड आल्फ्रेड रीड यांच्या १९२९ च्या, गरिबांच्या हालअपेष्टांवरील गीताला त्यांनी कॅटरिनासंबंधीची नवी कडवी जोडली आणि शासनाच्या अनास्थेवर मंचावरून टीका केली. गायक बाहेरचा असूनही या सादरीकरणाने दुःखाच्या कारणाकडे बोट दाखवले. लोकगीत हे जतन करून ठेवण्याची वस्तू नसून प्रसंगानुरूप वाढणारे रूप आहे, हेही त्यातून प्रकट झाले. श्रोत्यांची करुणा जागवून थांबणारी मैफल आणि त्यांना कारणांचा विचार करायला लावणारी मैफल यांतील अंतर येथे लक्षात येते.

घर, कागदपत्रे आणि काम

निधी जमल्यानंतर त्याचे रूपांतर कशात झाले, हा पुढचा प्रश्न आहे. सर्वाधिक गाजलेला प्रकल्प म्हणजे ‘म्युझिशियन्स व्हिलेज’. हॅरी कॉनिक ज्युनियर आणि ब्रॅनफर्ड मार्सालिस या न्यू ऑर्लिन्सच्याच दोन कलावंतांच्या कल्पनेतून, ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ या संस्थेच्या साहाय्याने अप्पर नाइन्थ वॉर्ड भागात ७२ स्वतंत्र घरे आणि ज्येष्ठांसाठी पाच जोडघरे उभी राहिली. २०११ मध्ये तेथे ज्येष्ठ पियानोवादक व शिक्षक एलिस मार्सालिस यांच्या नावाचे संगीत केंद्र सुरू झाले. संगीताच्या नावाने जमलेल्या पैशातून भिंती आणि छपरे उभी राहिली, ही सामान्य गोष्ट नव्हे.

परंतु याच प्रकल्पाने एक मूलभूत अडचण उघड केली. घरे फुकट नव्हती. ती बिनव्याजी कर्जावर होती आणि कर्जासाठी उत्पन्नाचा पुरावा व समाधानकारक पत आवश्यक होती. रात्री वादन करून रोख रक्कम खिशात घालणाऱ्या, पगारपत्रक नसलेल्या वादकांपैकी अनेकजण प्रारंभी या अटीत बसू शकले नाहीत, असे २००६ मधील वृत्तांतून पुढे आले. ज्याच्या कलेसाठी जग पैसे देत होते, त्याच्या कमाईचा कागद मात्र कोणाजवळही नव्हता. हा दोष एखाद्या संस्थेचा मानणे वरवरचे ठरेल. वादळापूर्वी दशकानुदशके वादनाला नोकरीचे स्थान आणि सुरक्षितता न देणाऱ्या व्यवस्थेचा तो हिशेब होता. ‘पूर्वस्थिती’ आणणे हे उद्दिष्ट म्हणूनच अपुरे होते, कारण पूर्वस्थितीतच असुरक्षितता होती.

याच काळातील दुसरी घटना या चित्राशेजारी ठेवून पाहावी लागते. डिसेंबर २००७ मध्ये नगर परिषदेने सुमारे ४,५०० सार्वजनिक भाडेघरे पाडण्यास एकमताने मंजुरी दिली. त्या जागी नवी मिश्र उत्पन्नगटांची वस्ती आली; पण गरिबांसाठीच्या घरांची संख्या पूर्वीइतकी राहिली नाही. मिरवणुका ज्या वस्त्यांतून निघत, ज्या अंगणांत मुले मोठ्यांचे पाहून ट्रॉम्बोन उचलत, त्यांपैकी काही वस्त्या त्यात होत्या. मैफलींच्या पुण्याईने ऐंशीच्या आसपास घरे उभी राहत असताना धोरणाच्या एका ठरावाने हजारो घरे गेली. मदत-मैफलीची मर्यादा याहून नेमकी दाखवता येणे कठीण आहे.

या तुलनेत कमी गाजलेले, परंतु अधिक मर्मज्ञ असे उपक्रमही झाले. म्युझिशियन्स क्लिनिकशी संलग्न प्रतिष्ठानाने वादकांच्या छोट्या कार्यक्रमांच्या मानधनासाठी निधी दिला. ‘जॅझ फाउंडेशन ऑफ अमेरिका’ने अ‍ॅग्नेस व्हॅरिस यांच्या देणगीतून विस्थापित वादकांना शाळा आणि वृद्धाश्रम यांतील कार्यक्रमांसाठी मोबदला दिला. श्रोत्यांसाठी हे कार्यक्रम विनामूल्य होते, वादकांसाठी ते काम होते. येथे देणगीचे रूपांतर बिदागीत झाले. वादकाला मिळालेली रक्कम कदाचित लहान असेल; परंतु ती घेताना त्याला आपले दुःख सांगावे लागले नाही, आपले वाद्य वाजवावे लागले. प्रिझर्वेशन हॉलने १९६१ मध्ये स्वीकारलेले तत्त्वच येथे नव्या परिस्थितीत पुन्हा उपयोगी पडले.

मंचावर सन्मान, रस्त्यावर अटकाव

मदत-मैफलींचे खरे मूल्यमापन सभागृहाबाहेर करावे लागते. १५ जानेवारी २००६ रोजी अनेक मंडळांनी एकत्र येऊन मोठी मिरवणूक काढली. विखुरलेले लोक त्यासाठी दूरदूरच्या शहरांतून आले. ‘आम्ही परतणार आहोत’ असे सांगणारी ती सामूहिक घोषणा होती. त्या दिवशी गोळीबाराचा प्रकार घडला आणि पुढे प्रशासनाने मिरवणुकीच्या पोलीस बंदोबस्ताचे शुल्क सुमारे १,२०० डॉलरवरून ४,४४५ डॉलरपर्यंत वाढवले. वर्गणीवर चालणाऱ्या मंडळांना हे परवडणारे नव्हते. अखेर मंडळांनी नागरी हक्क संघटनेच्या साहाय्याने अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या आधारे दावा दाखल केला आणि २००७ मध्ये तडजोड होऊन शुल्क १,९८५ डॉलरवर आले.

त्याच वर्षी १ ऑक्टोबर रोजी ट्रेमे या जुन्या वस्तीत, न्यू बर्थ ब्रास बँडचे दिवंगत ट्युबावादक कर्विन जेम्स यांच्या स्मरणार्थ निघालेली मिरवणूक पोलिसांनी थांबवली. विनापरवाना मिरवणूक काढणे व शांततेचा भंग करणे या आरोपांखाली दोन वादकांना वाजवत असतानाच अटक झाली. जेम्स हे वादळानंतर ह्यूस्टनला गेलेले होते. त्यांच्यासाठी ती मिरवणूक म्हणजे गावी परतणे होते. दुसऱ्या रात्री वस्तीने रीतसर परवाना घेऊन पुन्हा वादन केले. जे वादन शहराच्या बाहेर मदतीसाठी गौरवले जात होते, तेच शहराच्या आत गुन्हा ठरले. ‘संस्कृती वाचवा’ असे म्हणणाऱ्या जगाने संस्कृतीच्या परवान्याचा प्रश्न विचारला नव्हता.

मॅट साकाकीनी यांनी ‘रोल विथ इट’ (२०१३) या अभ्यासात ब्रास बँड वादकांच्या जीवनातील नेमका हाच विरोध तपासला आहे. शहराचे प्रतीक म्हणून मिरवला जाणारा वादक प्रत्यक्षात दारिद्र्य, हिंसा आणि अल्प वेतन यांना सर्वाधिक सामोरा जातो. प्रतीक म्हणून मिळणारा मान आणि कामगार म्हणून मिळणारा हक्क यांत हे अंतर आहे. मदत-मैफल मान वाढवते, हक्काला ती सहसा स्पर्श करत नाही.

तरीही परंपरा केवळ बाहेरच्या मदतीवर विसंबून राहिली नाही. ट्रेमेतील अटकेत सापडलेल्या दोन वादकांपैकी डेरिक टॅब यांच्या सहभागातून त्याच सुमारास ‘द रूट्स ऑफ म्युझिक’ ही संस्था उभी राहिली. शाळा सुटल्यानंतर मुलांना बँडचे शिक्षण, अभ्यासात साहाय्य आणि भोजन देण्याचे काम ती करू लागली. आजारपण आणि अंत्यसंस्कार यांची जबाबदारी घेणाऱ्या जुन्या मंडळांचा वारसा येथे बालशिक्षणाच्या रूपाने पुढे आलेला दिसतो.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, मदत-मैफल ही आपत्तीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांची गरज आहे आणि त्या मर्यादेत तिचे मोल मोठे आहे. दुसरा असा की, पारंपरिक संगीत ही वादकांची खाजगी मालमत्ता नसून वादक, वस्ती, मंडळ आणि रस्ता यांचे संयुक्त रूप आहे; त्यांपैकी केवळ वादकाला उचलून मंचावर बसवल्याने परंपरेचे पुनर्वसन होत नाही. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष असा की, निधीचे रूपांतर नियमित बिदागीत, परवडणाऱ्या निवाऱ्यात आणि रस्त्यावर वाजवण्याच्या हक्कात झाले, तरच ती मदत परंपरेला पोहोचली असे म्हणता येते.

२९ ऑगस्ट २०२१ रोजी, कॅटरिनाला बरोबर १६ वर्षे होत असताना, आयडा वादळ लुइझियानाला धडकले. त्यात न्यू ऑर्लिन्सच्या साउथ रॅम्पार्ट स्ट्रीटवरील कार्नोफ्स्की यांच्या दुकानाची इमारत कोसळली. लुई आर्मस्ट्राँग यांना बालपणी काम आणि माया देणाऱ्या कुटुंबाची ती वास्तू दीर्घकाळ दुर्लक्षित होती. वाऱ्याने ती पाडली असे म्हणणे सोपे आहे; तिची पडझड त्याआधी कितीतरी वर्षे चालू होती. पारंपरिक वादकांच्या स्थितीलाही हेच लागू पडते. वादळानंतर भरणारी मैफल त्या पडझडीकडे क्षणभर लक्ष वेधते. वादळापूर्वीच्या आणि नंतरच्या सामान्य दिवसांत वादकाच्या हाती काय पडते, यावर त्या मैफलीचा खरा निकाल अवलंबून असतो.